डब्यातली कॅपसूल

आमच्या घरी चुलीवरच्या फळीवर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात बिस्किटं नव्हती. अख्ख्या गावाच्या उरलेल्या गोळ्या होत्या.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वेष्टनावरचं इंग्रजी वाचू शकणारे गावात दोघंच, मी आणि ग्रामसेवक. ग्रामसेवक आठवड्यातून एकदा उगवायचा. त्यामुळे कुणाचा ताप उतरला, कुणाची जखम भरली, की उरलेल्या गोळ्या माझ्याकडे यायच्या. "बाई, ठेवी ल्या. कोनाले तरी कामे येई." मी ठेवून घ्यायचे. फेकून देणं आमच्या रक्तातच नाही. मग कुणाला ताप आला, की डबा उघडायचा, नाव वाचायचं, दोन गोळ्या हातावर ठेवायच्या. बरं वाटलं की माणसं म्हणायची, बाईंच्या हाताला गुण आहे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

माझ्या मुलीच्या बाबतीत जे घडलं त्याला आता नऊ वर्षं झाली. ज्यांचं तान्हं बाळ आज काचेच्या पेटीत आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यातून मला शहाणी म्हणावं अशी अपेक्षा नाही. तो शिक्का एकदा लावून घेतला, तेवढा पुरे झाला.

सटवाईचा कागद

मुलगी आठव्या महिन्यातच झाली, भर वैशाखात, चाळीसगावच्या दवाखान्यात. वजन कमी, पण रडली खणखणीत. मला टाके पडले होते. डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या लाल-काळ्या कॅपसूल लिहून दिल्या. दोन दिवसांत दुखणं थांबलं, म्हणून मी त्या थांबवल्या आणि उरलेल्या घरी येताच डब्यात टाकल्या.

सहाव्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, सटवाई पुजली. पाटावर कोरा कागद आणि माझाच शाळेतला पेन ठेवला. रात्री देवी येते आणि कपाळावरचं लिहून जाते म्हणतात. मी हसले. म्हटलं, "अक्का, लाल शाई आहे बरं का त्यात. चुका काढायचा पेन आहे तो." अक्कांनी पेन कागदावर सरळ करून ठेवला. त्या माझ्या बोलण्याला सहसा उत्तर देत नसत.

दुसऱ्या दिवशी मुलीची बेंबी ओली दिसली. थोडा वासही येत होता. अक्कांनी सहाण काढली, हळकुंड, मुरडशेंग, वेखंड मांडलं. बाळाला घुटी द्यायची त्यांच्या माहेरची रीत. मी त्यांच्या हातातून सहाण काढून घेतली. "हा दगड कधी उकळलाय का? सात दिवसांच्या लेकराच्या पोटात ही घाण घालायची?" आमचे हे दारातच होते. त्यांच्यासमोर मी अक्कांना जंतूंवर एक छोटा धडाच दिला.

आणि मग मी डबा काढला. लाल-काळी कॅपसूल उघडली, चिमूटभर पांढरी पूड स्वच्छ उकळलेल्या वाटीत घेतली, माझ्याच दुधात कालवून मुलीला चाटवली. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. बेंबी कोरडी झाली. मी अक्कांना ती मुद्दाम दाखवली.

वैशाखात थंड

बाराव्या दिवशी सकाळी मुलगी दूध ओढेना. छातीशी धरली की तोंड उघडायची आणि तसंच ठेवायची. मी घाईनं आणखी एक चिमूट चाटवली. तासाभरानं अक्कांनी तिला मांडीवर घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माय वं, पोर थंडगार पडनी शे."

बाहेर पत्रे तापून कडकडत होते. आमच्या अंगाला घामाच्या धारा लागलेल्या, आणि तिचे पाय माठाच्या बुडासारखे थंड. खानदेशात वैशाखात थंड पडलेलं माणूस फक्त एकाच प्रकारचं असतं. ते मनात आलं, आणि मी ते दोन्ही हातांनी ढकलून दिलं.

शेजारच्यांच्या जीपमधून आम्ही धुळ्याला निघालो. तिथे एका डॉक्टरांचा लहान मुलांचा दवाखाना होता, काचेच्या पेट्या असलेला. वाटेत मी सारखी तिच्या नाकाशी बोट धरत होते. खिडकीतून गरम वारा येत होता, त्यामुळे तिचा श्वास कुठला आणि वारा कुठला तेच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला पाहिलं, पेटीत ठेवलं, टाचेला टोचलं, रक्त घेतलं. रक्तात जंतू उगवतात का हे तपासायला पाठवायचं होतं. तोवर दोन इंजेक्शनं सुरू केली. मग ते आमच्याकडे वळले.

"याआधी काही दिलं होतं का? औषध, काढा, काहीही?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच अक्का बोलल्या, "घुटी दिन्ही व्हती मी."

डॉक्टर चिडले. दहा मिनिटं अक्कांना सुनावलं. अक्का पदर सावरून खाली मान घालून ऐकत होत्या. मी बाजूला उभी. घुटी दिलीच नव्हती हे मला माहीत होतं, अक्कांनाही माहीत होतं. माझ्या वाटची बोलणी त्या खात होत्या, आणि मी त्यांना खाऊ दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेतल्या बाईंनी आपल्या पोरीला डब्यातली पूड चाटवली, हे मला त्या चकचकीत फरशीवर उभं राहून सांगवेना.

तिसऱ्या दिवसाची चौकट

तिथला दिवस ठरलेला होता. सकाळी सातला कोपरापर्यंत हात धुऊन आत जायचं. वाटीत दूध काढून द्यायचं, ते सिस्टर नळीनं पाजायची. दुपारी लाइट गेली, की जनरेटर धडधडेपर्यंत सगळ्या आया पेट्यांकडे बघत उभ्या राहायच्या. सिस्टर तशी तोंडाची फटकळ, पण दुपारी डॉक्टर जेवायला गेले की पेटीची गोल खिडकी उघडून मला म्हणायची, "लावा बोट, पटकन." मुलीचा तळवा माझ्या बोटाएवढा. त्या दोन मिनिटांवर मी दिवस काढायचे.

प्रत्येक पेटीवर एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर इंजेक्शन सुरू केल्याची तारीख आणि तिसऱ्या दिवसासमोर लाल पेनानं काढलेली चौकट. त्या दिवशी डॉक्टर थांबायचे, रिपोर्ट बघायचे, बाळ बघायचे आणि चौकटीत लिहायचे, चालू किंवा बंद. चौकट रिकामी ठेवून ते पुढे जात नसत.

कोपऱ्यातल्या पेटीतलं बाळ आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलं. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, रडतही नव्हती. इथे येण्याआधी तीन ठिकाणी त्याला तीन तऱ्हेची इंजेक्शनं झाली होती म्हणे. डॉक्टर सिस्टरला हळू आवाजात म्हणाले, "रिपोर्टमध्ये जंतू आहे, पण एकही औषध त्याला लागू पडत नव्हतं." मी तिथेच दुधाची वाटी घेऊन उभी होते. त्या पेटीवरचा कागद सिस्टरनं काढला, पेटी पुसली, आणि ती तशीच उघडी ठेवली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पेटीतल्या मुलाच्या चौकटीत डॉक्टरांनी 'बंद' लिहिलं. त्याचा बाप शिंदखेड्याकडचा, कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. तो हात जोडून पुढे आला.

"साहेब, सुई कसाले बंद करतस? पोरगाना भरोसा सोडी दिधा का?"

डॉक्टर म्हणाले, "मुकादम, कापसावरची अळी पूर्वी एका फवाऱ्यात मरायची ना? आता?"

"आते तीन मारा तरी मरत नही."

"का?"

मुकादमानं हात पसरले. डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक फवाऱ्यात ज्या मेल्या नाहीत, त्यांचीच पिलावळ शिवारभर झाली. जंतूंचंही तेच. तुझ्या मुलाच्या रक्तात काही नाही. उगाच फवारत बसलो, तर पुढच्या खेपेला माझ्याकडे मारायला काही उरणार नाही." मुकादमानं कोपऱ्यातल्या उघड्या पेटीकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याचा मुलगा पाचव्या दिवशी घरी गेला.

मग डॉक्टर आमच्या पेटीशी आले. मुलगी त्या सकाळी जरा गुलाबी दिसत होती. त्यांनी रिपोर्ट उलगडला.

"काहीही उगवलेलं नाही. अंग थंड पडलं होतं आणि दूध कमी गेलं होतं, त्यानं सुस्तावली असावी. बाई, चांगली बातमी आहे."

यांनी आकाशाकडे पाहून हात जोडले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवल्या त्या चार दिवसांच्या चिमटी, आणि निघायच्या सकाळची ती शेवटची. पूड पोटात असताना घेतलेलं ते रक्त. मला अर्धवट कळत होतं. वर्गात एखाद्या पोरानं उत्तर ओल्या बोटानं पुसून ठेवलं, तर पाटी कोरी दिसते म्हणून त्यानं काही लिहिलंच नव्हतं असं होत नाही. हे रोज पोरांना पकडणाऱ्या मला कळत होतं. लाल पेन चौकटीवर टेकला. मी म्हणू शकले असते, थांबा. मी म्हटलं नाही. डॉक्टरांनी 'बंद' लिहिलं आणि ते पुढच्या पेटीकडे गेले.

मी स्वतःला सांगितलं, चांगलंच झालं की. गुलाबी तर दिसते आहे.

दुपार

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास थांबला. मग सुरू झाला. मग पुन्हा थांबला. सिस्टरनं तळपायाला टिचकी मारली तेव्हा परत आला. पाय पुन्हा थंड. पोट फुगलं होतं. डॉक्टर अर्ध्या जेवणावरून आले, हात ओलाच होता. ते रिपोर्ट पुन्हा पुन्हा उलटून बघत होते.

"रक्तात काही नव्हतं. मग हे आलं कुठून?" ते कुणाला विचारत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. त्या माणसानं सगळं नीट केलं होतं, आणि तो कागदावर स्वतःची चूक शोधत होता.

अक्का माझ्या जवळ आल्या. आवाज अगदी हळू.

"सांगी टाक. बठ्ठं सांगी टाक."

"अक्का..."

"माले ठाऊक शे. मी देखेल शे. तू शिकेल शे, म्हनीसन मी गप व्हती. माले वाटनं, शिकेल बाई देस ते बरंच व्हई. आते सांग."

मी सांगितलं. डबा, कॅपसूल, चिमटी, शेवटची चिमूट. यांच्यासमोर, सिस्टरसमोर, तिथे बसलेल्या सगळ्या बायांसमोर. मी वाट पाहत होते की डॉक्टर ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "कालच सांगायला हवं होतं." आणि सिस्टरला नव्यानं रक्त घ्यायला सांगून त्यांनी कपाटातून वेगळं इंजेक्शन काढलं.

मग यांना म्हणाले, "तो डबा आणा. आत्ता."

हे कुणाची तरी राजदूत मोटारसायकल मागून घेऊन उन्हात गावाला गेले. जाताना माझ्याकडे न बघता एवढंच बोलले, "घुटीले हासत व्हती ना तू?"

संध्याकाळी डबा डॉक्टरांच्या टेबलावर आला. त्यांनी तो उपडा केला. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, नाव फाटलेल्या पुड्या. त्यांनी लाल-काळी कॅपसूल उचलली. "मी सुरू केलेल्यातलं एक औषध हेच. चिमटीनं जंतू मेले नाहीत, दबले. म्हणून रक्तात सापडले नाहीत. आणि जे तगले ते याला जुमानणार नाहीत." मग त्यांनी ढिगावर हात ठेवला. "यातल्या गोळ्या गावात किती जणांना दिल्यात, बाई?"

मला आठवेना. खरंच आठवेना. चेहरे मात्र एकेक करून आठवत राहिले. दोन वर्षांचा किसना, खोकला असलेला. बाळंतीण असलेली तुळसा. सगळे बरे झाले होते. निदान मी तसं समजत होते.

वाट

नव्या रक्ताच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागणार होते. तेवढ्या दिवसांत माझं वय वाढलं. हे बाहेरच्या कडुलिंबाखाली बसून राहायचे, जेवणाचा डबा द्यायला आणि न्यायला यायचे, पण बोलायचे नाहीत. त्यांच्या बहिणीनं कुणाकडून तरी निरोप धाडला, की मोठ्या डॉक्टरकडून सगळ्यात भारी सुई मारून घ्या. एका नातेवाइकानं तर मेडिकल दुकानातून एक कुपी विकतच आणली. अक्कांनी ती त्याच्या हातात परत ठेवली. "लई व्हयनं आते. डॉक्टर सांगी तेच."

मी अक्कांना विचारलं, तुम्ही घुटीचं का सांगितलंत? त्या म्हणाल्या, "मनं काय, मी अडानी. माले कोनी काहीबी बोलो. तुले उद्या शाळामा जानं शे." मला रडू फुटलं. अक्कांनी पाठीवरून हात फिरवला, पण समजूत काढली नाही. समजूत काढण्यासारखं काही नव्हतंही.

रिपोर्टमध्ये जंतू उगवला. लाल-काळ्या कॅपसूलमधलं औषध त्याला लागू नव्हतं. आणखी तीन लागू नव्हती. दोन होती. डॉक्टरांनी त्यातलं एकच निवडलं. दुसरं, जास्त भारी, कपाटातच राहू दिलं. यांनी धीर करून विचारलं, "दोन्ही द्या ना साहेब." डॉक्टर म्हणाले, "ते कपाटात आहे म्हणूनच पुढच्या बाळाला आशा आहे." कागदावर त्यांनी शेवटचा दिवस लिहिला. त्या दिवशी मुलगी दूध ओढत होती, आणि तरीही इंजेक्शन शेवटच्या वेळेपर्यंत दिलं गेलं. मग बंद. एक जास्त नाही, एक कमी नाही. कोपऱ्यातली पेटी तोवर पुन्हा भरली होती.

निघताना डॉक्टरांनी डबा परत दिला नाही. मीही मागितला नाही.

उजवी बाजू

आम्ही तिचं नाव वैशाली ठेवलं. ती वाचली. पण दीड वर्षाची असताना लक्षात आलं, की डाव्या बाजूनं हाक मारली तर ती वळत नाही. धुळ्याला कान तपासले. आजारानं गेला, की इंजेक्शनांनी, की दोन्हीनं, सांगता येत नाही म्हणाले. डावा कान गेलेला आहे, एवढंच खरं. माझ्याच वर्गात होती तेव्हा मी तिला डावीकडच्या भिंतीला लागून बसवायचे, म्हणजे उजवा कान वर्गाकडे राहील.

गावातले लोक अजून उरलेल्या गोळ्या घेऊन येतात. मी म्हणते, लिहून दिल्यात तेवढ्या पुऱ्या खा, आणि माझ्याकडे काही ठेवू नका. काहींना वाटतं, बाई कडू झाल्या. किसना आता मोठा झालाय. त्याला खोकला झाला, की मी आधी दवाखान्यात धाडते, आणि तो परत येईपर्यंत माझं वर्गात लक्ष लागत नाही.

तुम्हाला एकच सांगते. काचेच्या पेटीपाशी डॉक्टर विचारतील, याआधी काही दिलं होतं का. तिथे लाज धरू नका. सासूला बोलू देऊ नका, स्वतः बोला. तो माणूस तुमच्या उत्तरावर चौकटीत लिहिणार आहे.

हे सगळं मी वैशालीला एकदा सांगितलंय. ती सात वर्षांची होती. दुपारी तिला पुढ्यात बसवून मी वेणी घालत होते, आणि तिच्या डाव्या कानाशी वाकून हळूच पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. डबा, चिमूट, 'बंद', आणि मी थांबा म्हटलं नाही तेही. ती समोरच्या आरशात स्वतःची रिबीन बघत होती. सांगून झाल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची नंतर लाज वाटली.

आज हे लिहिताना ती शाळेतून आली. दप्तर टाकलं, माझ्या उजवीकडे येऊन बसली आणि कागदाकडे बघून म्हणाली, "आई, माझं नाव का लिहिलंय?"

तिचा डावा कान माझ्याकडे होता. मी उठले, आणि तिच्या पलीकडे जाऊन, उजव्या बाजूला बसले.